हळू बोला, बाईसाहेब झोपल्यात

त्या घरात पक्का म्हणावा असा एकच कायदा होता आणि तो मांजरीसाठी केलेला होता. बाकीचं सगळं, म्हणजे सकाळी न्हाणीघरात आधी कोण शिरणार, रात्री दिवे कोण मालवणार, वर्तमानपत्राचं मधलं पान कोणाचं, हे रोज नव्याने भांडून ठरायचं. मांजरीच्या बाबतीत मात्र वाद नाही. जिच्या किंवा ज्याच्या मांडीवर मांजर झोपली असेल, त्या माणसाने उठायचं नाही. त्याला कोणी काम सांगायचं नाही. उलट तो सांगेल ते काम दुसऱ्याने करायचं. आणि मांजर झोपलेली असताना घरात कोणी आवाज चढवायचा नाही.

हा कायदा सासरेबुवांचा. उभा जन्म त्यांनी कोर्टात कारकुनी केली. निवृत्त झाल्यावर खुर्ची सुटली, कलमं काही सुटली नाहीत. मांजर राखाडी, अंगाने भरलेली, चालताना पोट दोन्ही बाजूंना हलकेच डुलवणारी. तिचं नाव बाईसाहेब. सगळे तिच्याबद्दल अहोजाहोतच बोलत, कारण घरात तेवढा मान दुसऱ्या कोणाला मिळण्याची शक्यता नव्हती.

कायदा पाळायचा म्हणजे किती पाळायचा? एकदा स्वयंपाकघरातला नळ फुटला. पाणी घोट्यापर्यंत आलं. तेव्हा बाईसाहेब मामांच्या मांडीवर होत्या. मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ, बँडमध्ये तुतारी वाजवून दमलेले आणि आता बहिणीकडे कायमचे विसावलेले. तर मामांना खुर्चीसकट उचलून जिन्याच्या चौथ्या पायरीवर ठेवलं. पाणी चढलं तशी सातव्या पायरीवर. बाकीचे गुडघाभर पाण्यात बादल्या उपसत होते आणि मामा वरून हळू आवाजात सूचना देत होते. पाणी ओसरल्यावरही ते तिथेच बसले होते. जेवणही तिथेच झालं. शेजारी म्हणतात की त्या रात्री मामांनी तिथेच दाढीसुद्धा करून घेतली, पण शेजाऱ्यांना वाढवून सांगायची खोड आहे. नुसते गाल ओले करून घेतले होते.

ह्या कायद्याचा सगळा भार जावयावर होता. जावई चष्म्याच्या दुकानात कामाला. लोकांची नजर तपासायची, भिंगं घासायची, फ्रेममध्ये बसवायची. लग्नानंतर 'जागा सापडेपर्यंत' म्हणून बायकोच्या माहेरी राहायला आला आणि जागा सापडायची राहून गेली. घरजावई हा शब्द घरात कोणी तोंडातून काढत नसे. कामं मात्र त्या शब्दाला शोभतील अशीच त्याच्या वाट्याला येत. कारण बाईसाहेब त्याच्या मांडीवर कधी म्हणजे कधीच झोपत नसत. एकदा आल्या, पँटचा वास घेतला, शिंकल्या आणि गेल्या.

"भिंगं घासायच्या पावडरीचा वास येतो तुला," बायको म्हणाली होती. "मलासुद्धा येतो. पण मी बायको आहे, मला कुठे जाता येतंय?"

बायको पालिकेच्या तलावात मुलांना पोहायला शिकवायची. क्लोरीनच्या वासाला ती इतकी विटली होती की धुतलेली चादरसुद्धा लांबून हुंगून घ्यायची.

आणि अशात समुद्रकाठच्या गावातून बोलावणं आलं. तिथे एक म्हातारा चष्मेवाला होता, पाठीमागे कोणी नसलेला. त्याला दुकान चालवायला माणूस हवा होता. दुकानाच्या वर राहायला दोन खोल्या, खिडकीतून समुद्र. 'रविवारी दुपारी बाराला फोन करतो,' त्याने निरोप धाडला होता, 'हो असेल तर हो म्हणा, नाही तर मी दुसऱ्याला सांगून मोकळा होतो.'

बायकोला त्या दोन खोल्या न बघताच आवडल्या. पण तिने एकच अट घातली.

"अप्पांनी हो म्हणायला हवं. त्यांना रुसवून मी निघणार नाही. उद्या तिथे समुद्रात सूर मारला आणि पाण्यात त्यांचं तोंड दिसलं, तर मी पोहू कशी?"

आता अप्पांना विचारायचं म्हणजे काय अवघड आहे? समोर बसायचं आणि विचारायचं. जावई समोर बसला. "अप्पा, त्या दुकानाचं..." एवढंच म्हणाला. सासऱ्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मांडीकडे डोळे वळवले.

"शूऽऽ. झोपल्यात."

सोमवारी हेच. मंगळवारी हेच. सासरे सकाळी अंघोळ करून आले की शाल पांघरून खिडकीजवळच्या खुर्चीत बसत. ते टेकायच्या आत बाईसाहेब मांडीवर. चर्चा तहकूब. दुपारी जेवायला उठत तेवढ्यात जावई दुकानात गेलेला असे. संध्याकाळी तो परत आला की पुन्हा खुर्ची, शाल, मांजर, ओठांवर बोट.

"माझ्या बापाने मांजर नाही पाळलेली," बायको बुधवारी चिडून कुजबुजली, "स्थगिती पाळलीय!"

त्या रात्री जावयाने ठरवलं, आपला धंदा डोळ्यांचा आहे, आता डोळेच वापरायचे. सासऱ्यांच्या तोंडाकडे बघून काही उपयोग नाही. बघायचं मांजरीकडे. ती केव्हा उठते, का उठते, कोणाकडे जाते, हे एकदा कळलं की अप्पा उघड्यावर सापडतील.

बाईसाहेबांच्या झोपेच्या तऱ्हांना घरात नावं होतीच. चारही पाय पोटाखाली दुमडून, डोळे अर्धवट मिटून बसल्या की त्याला सगळे 'तारीख' म्हणत, कारण ती झोप नव्हेच. नुसता देखावा. कान फिरत असतात, आणि कुठे कागद सळसळला की उठून पुढची तारीख देऊन चालू लागायचं. अंगाची गोल गुंडाळी करून शेपूट नाकावर घेतली की 'चुंबळ'. एका कुशीवर लांब होऊन, पंजे मध्येच थरथरवत झोपल्या की 'दौरा', म्हणजे स्वप्नात कुठेतरी फेरफटका चालू आहे. एक पंजा डोळ्यांवर आडवा ठेवला की 'फितूर साक्षीदार'. आणि पाठीवर उताणं पडून, चार पाय चार दिशांना, पोट आभाळाकडे, तोंड किंचित उघडं, अशी जी सगळ्यात गाढ आणि सगळ्यात निर्लज्ज झोप, तिला सासऱ्यांनी स्वतः नाव दिलं होतं 'पंचनामा'.

नावं सगळ्यांना पाठ होती. अर्थ मात्र कोणी लावला नव्हता. सासरे म्हणत, "पंचनामा म्हणजे पूर्ण विश्वास. त्या माझ्याच मांडीवर पंचनामा करतात, ह्याचा अर्थ ज्याने त्याने समजून घ्यावा." आणि जावयाकडे बघत.

गुरुवारी जावयाने सुटी काढून घरीच मुक्काम ठोकला. "डोळे दुखतायत," दुकानात सांगितलं. चष्मेवाल्याचेच डोळे दुखतायत म्हटल्यावर मालकालाही बोलता येईना.

थंडीचे दिवस होते. खिडक्यांच्या काचांवर वाफ धरलेली. सकाळी बाईसाहेब सासूबाईंच्या मांडीवर गेल्या, तिथे चुंबळ. घट्ट, नाक शेपटीत खुपसलेलं. मग मामांच्या मांडीवर, तिथे तारीख, कारण मामा स्वतःच्याच विनोदांना हसतात आणि मांडी हलते. उन्हाचा एक तुकडा जमिनीवर आला तिथे दौरा. ऊन सरकलं तशा त्याही सरकल्या. ढग आला, पुन्हा चुंबळ. जावई बघत राहिला. थंडी वाढली की गुंडाळी, ऊब वाढली की लांबी. विश्वासबिश्वास नंतर. ही बाई म्हणजे शेपूट लावलेला तापमापक आहे!

आणि मग सासरे खुर्चीत बसले, शाल ओढली, आणि बाईसाहेबांनी चढून बघता बघता पंचनामा केला. चार पाय चार दिशांना.

जावई ताडकन सरळ झाला. सासऱ्यांची अंगकाठी अशी की उन्हात उभे राहिले तर सावलीला स्वतःचीच लाज वाटावी. हात कायम गार. अशा माणसाच्या मांडीवर, अशा थंडीत, मांजरीने चुंबळ करायला हवी. निदान साक्षीदार. पंचनामा कसा?

तो स्वयंपाकघरात गेला. सासूबाई भाजी निवडत होत्या.

"आई, अप्पांच्या मांडीत एवढी ऊब कुठून येते हो?"

सासूबाईंनी मान वर केली नाही. "तुम्हाला किती दिवस लागले?"

"चार."

"मला वर्ष लागलं होतं. तुम्ही हुशार आहात." त्यांनी चुलीवरच्या पातेल्याकडे हनुवटीने खूण केली. पातेल्यात पाणी तापत होतं. "रबरी पिशवी. शालीच्या आत. म्हणे गुडघे दुखतात. रोज तीन वेळा भरून देते. गुडघे दुखणारा माणूस मघाशी मामाच्या आधी न्हाणीघरात पोचायला कसा पळाला ते बघितलंत ना?"

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"कधी बोलणार? बोलायला गेलं की बाईसाहेब झोपलेल्या!" सासूबाईंनी देठ असा मोडला की तो देठ नव्हेच असं वाटावं. "किती वर्षांचं बोलायचं साठलंय जावईबापू, एक खोली भरेल एवढं. तोंडाशी आलं की गिळायचं."

जावई जरा पुढे झुकला. "रविवारी सकाळी पिशवीत पाणी थोडं कोमट पडलं तर?"

"मला काय विचारता? माझं लक्ष भाजीकडे आहे." मग थोड्या वेळाने, भाजीशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "माळ्यावर एक दुसरी पिशवी आहे. जुनी आहे, पण गळत नाही."

रविवार उजाडला. जावयाने अंग घासघासून धुतलं, पावडरीचा वास जावा म्हणून बायकोची जुनी लोकरी शाल घडी करून मांडीवर घेतली आणि तिच्याखाली माळ्यावरची पिशवी. पिशवी अशी कढत होती की तो अधूनमधून एकेक मांडी उचलून हवा घालत होता. बायको समोर बसून ओठ चावत होती, हसू येऊ नये म्हणून. मामांनी काय ते ओळखलं आणि स्वतःच्या खिशात सुक्या मासळीचा तुकडा टाकून तेही मैदानात उतरले. "मी आपला असाच बसलोय," ते म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं.

सासरे आले. शाल. खुर्ची. बाईसाहेब चढल्या, सवयीने उताण्या झाल्या. पंचनामा. सासऱ्यांनी समाधानाने डोळे मिटले.

घड्याळाचा काटा हळूहळू सरकत होता. मग बाईसाहेबांचा एक पाय खाली आला. जावयाने श्वास रोखला. त्या कुशीवर वळल्या. दौरा. पण पंजे थरथरेनात. मागचे पाय पोटाशी आले. पाठ वाकली. शेपूट फिरून नाकापाशी आली. चुंबळ. सासऱ्यांनी एक डोळा उघडला. शालीत हात घालून पिशवी चाचपली आणि त्यांचा चेहरा पडला.

"अगं," ते हलकेच म्हणाले, "पाणी..."

"शूऽऽ," स्वयंपाकघरातून आवाज आला. "झोपल्यात ना?"

चुंबळ सुटली. बाईसाहेब उठून बसल्या, चारी पाय दुमडले. तारीख. सासरे मांडी न हलवता, नुसत्या नजरेने त्यांना विनवू लागले. बाईसाहेबांनी मोठी जांभई दिली, पाठीची कमान केली आणि खाली उडी मारली. मामांच्या खिशाशी थांबल्या, वास घेतला, तुकडा खाल्ला आणि मामांकडे न बघता पुढे गेल्या. जावयाच्या खुर्चीखाली एक चक्कर. मग वर. दोन पंजांनी लोकर मळली, गोल फिरल्या, आणि आडव्या होता होता उताण्या झाल्या. चार पाय चार दिशांना. पोट आभाळाकडे.

मग सासरे खुर्ची ओढत, आवाज न करता, जावयाच्या अगदी पुढ्यात येऊन बसले.

"कट केलात," ते कुजबुजले.

"केला," जावई कुजबुजला.

"पिशवी ठेवलीत."

"गुडघे दुखतायत."

"तुमचे? ह्या वयात?"

"बाईसाहेबांचे."

बायको खुर्ची घेऊन आली. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मामाही सरकले. सगळ्यांची डोकी एका मांजरीवर जमली, शस्त्रक्रिया चालू असावी तशी.

"अप्पा," बायको म्हणाली, "बाराला फोन येईल. आम्हाला जायचंय."

"त्या खाऱ्या वाऱ्यात? तुझा घसा बसतो."

"मी दिवसभर पाण्यात असते अप्पा."

"मध्ये बोलू नकोस. मी जावयांशी बोलतोय."

"मी बोलत नाहीये. कुजबुजतेय."

"तो दुकानवाला कसा आहे ठाऊक आहे का? आणि खोल्या? गळत असतील. आणि..." सासरे थांबले. कोर्टात वापरायचा तो आवाज ह्या कामी चालत नव्हता. कुजबुजीत दरारा भरता येत नाही. माणूस कितीही रागावला तरी गुपित सांगतोय असंच वाटतं. आणि तसंच वाटता वाटता त्यांच्या तोंडून खरोखरच निसटलं. "संध्याकाळी तू येतेस ना... ओले केस घेऊन. तो घाणेरडा वास येतो तलावाचा. तो आला की मला कळतं, चला, दिवस संपला, सगळे घरात आले. तू गेलीस की मी दाराकडे बघायचं कशाला?"

बायकोने त्यांचा गार हात धरला. जावई मांजरीवर नजर लावून बसला.

आणि भिंतीवरचा फोन वाजला.

फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला. जावई अर्धा उठू गेला आणि पुन्हा बसला. मांडीवर पंचनामा. कायदा म्हणजे कायदा. बायको उठायच्या बेतात होती. जावयाने मान हलवून तिला थांबवलं. त्याच्या मांडीवर मांजर होती. काम कोणाला सांगायचं, ते तोच ठरवणार. बायकोला सांगितलं असतं तर ती 'हो' म्हणालीच असती. पण तिला हवा होता तो 'हो' तिच्या तोंडचा नव्हता.

"अप्पा," तो हळूच म्हणाला, "तुम्ही घ्याल का? आणि काय सांगायचं ते तुम्हीच सांगा."

फोन वाजत राहिला. सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं. मग मुलीकडे. आपणच केलेलं कलम आपल्याच अंगावर आलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो, तो त्या दिवशी सगळ्यांना पाहायला मिळाला. ते उठले, गेले, फोन कानाला लावला. दुसरा हात तोंडाभोवती धरला.

"हॅलो," ते कुजबुजले.

आता ह्यात एक गोम होती. जावई आजवर त्या म्हाताऱ्याशी फक्त निरोपांनी बोलला होता. त्यामुळे त्याला किती ऐकू येतं हे इथे कोणालाच माहीत नव्हतं. ते आता सगळ्या खोलीला कळलं.

"कोण?" फोनमधून गर्जना आली. "मोठ्याने बोला! मला एका कानाने येत नाही आणि दुसऱ्याने कमी येतं!"

सासऱ्यांनी मांजरीकडे पाहिलं. "येतायत," ते जरा वर म्हणाले.

"काय? कोण? नाही येत? बरं, मग मी दुसऱ्याला..."

"येतायत!" सासरे म्हणाले. आवाज घसरला. घसा खाकरला. मुलीकडे पाठ केली. आणि मग त्या काडीसारख्या छातीतून असा आवाज निघाला की काचांवरची वाफ पुसली गेली म्हणतात. "येतायत म्हणतोय! माझी मुलगी येतेय! आणि जावई! दोघंही! ऐकू आलं? दुसऱ्याबिसऱ्याला सांगायचं नाही! आणि ती खिडकी! समुद्राकडची! ती नीट लागते का? ती पोहून आली की केस पुसत नाही! वारा लागतो तिला! आणि जावयाला बसायला बरी खुर्ची द्या! दिवसभर डोळे घालून बसणारा माणूस आहे तो! हो! हो! ठेवा आता!"

फोन ठेवला तरी त्यांचा आवाज भांड्यांत घुमत राहिला. बायको रडत होती आणि हसत होती, आधी काय करावं ते न ठरल्यासारखी. सासरे दचकून वळले. आपण काय केलं, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, पण आता कोणासाठी?

सगळ्यांनी मांजरीकडे पाहिलं.

बाईसाहेब उताण्या होत्या. चार पाय चार दिशांना. एक कान किंचित वळला, परत जागेवर आला. तोंडातून बारीकशी घरघर ऐकू येत होती.

मामा वाकले. तिच्या डोक्याजवळ दोन्ही हात नेले आणि फाडकन टाळी वाजवली. काही नाही. त्यांनी स्वयंपाकघरातून पातेल्याचं झाकण आणलं आणि जमिनीवर टाकलं. झाकण गोल गोल फिरत, सगळं घर डोक्यावर घेत, शेवटी थांबलं. बाईसाहेबांनी पिशवीच्या उबेत पाठ थोडी घासली आणि झोपेतच पंजा चाटला.

"म्हणजे..." बायको पूर्ण आवाजात म्हणाली आणि स्वतःच दचकली. त्या खोलीत दिवसाढवळ्या तिने स्वतःचा आवाज किती दिवसांनी ऐकला होता. "म्हणजे इतकी वर्षं ह्यांना काही फरकच पडत नव्हता?"

"ऊब होती तिथे होत्या," जावई म्हणाला. "आवाजाचं त्यांना काय?"

सासरे खुर्चीकडे निघाले, पाय न वाजवता. सवय होती.

सासूबाईंनी हात पदराला पुसले. दारातून निघाल्या, एक स्टूल उचललं आणि नवऱ्याच्या खुर्चीच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ, दणकन ठेवलं. बसल्या. पदर सावरला.

"कुठे निघालात? बसा," त्या म्हणाल्या, अशा आवाजात की शेजारच्या घरातली खिडकी उघडली. "पहिला मुद्दा. तुमची बहीण."